चुरी आळीचं चूलबंद

रखमाबाईंनी हुंडा मागितला असता, तर धर्माजी चुरींना फार सोपं गेलं असतं. ते ताडकन उठले असते, कायद्याचं कलम सुनावलं असतं आणि मुलीला घेऊन ताठ मानेनं घरी परतले असते. आयुष्यात एकदा तरी असं ताडकन उठावं, ही त्यांची पतपेढीत नोकरी करत असल्यापासूनची इच्छा होती. पण केळव्याच्या त्या म्हातारीनं आपल्या नातवासाठी, दर्पणसाठी, मेघालीला पाहिलं, पसंत केलं, पोह्यांची बशी बोटानं निपटून खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "तुमची आळी जेवते का तुमच्याकडं?"

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. या किनाऱ्याच्या गावांत लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीचा बाप आळीला जेवण घालतो, आणि तेही चूलबंद. चूलबंद म्हणजे पत्रिका टाकून मोकळं होणं नव्हे. घरची बाई दारोदार जाते, थेट चुलीपाशी अक्षता नि सुपारी ठेवते. ती ठेवली की जेवणाच्या दिवशी लग्नघरचं जेवण होईपर्यंत ती चूल पेटवायची नाही. त्या चुलीवरचं जेवणारी सगळी माणसं, म्हातारी, पोरं, आलागेला पाहुणा, सगळी त्या घरी जेवणार. न जाणं हा अपमान. आणि अक्षता पडलेली चूल पेटवणं म्हणजे तर यजमानाच्या जिवंतपणी त्याच्या नावानं आंघोळ करणं. ज्याच्याकडे आळी जेवत नाही त्या घराला एक तर शाप असतो, नाही तर भांडण, नाही तर नुकताच आलेला पैसा. तिन्ही सोयरिकीला वाईट.

"जेवते ना," धर्माजी म्हणाले. "म्हणजे काय, अख्खी जेवते."

परतताना रिक्षात मेघालीनं हळूच विचारलं, "बाबा, आपल्या आळीत आता आहे कोण?"

धर्माजी किनाऱ्याकडे बघत राहिले. सुरूच्या झाडांमध्ये त्यांना एकाएकी फार रस वाटू लागला होता.

तारापूरच्या किल्ल्यामागची चुरी आळी एके काळी अशी होती, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाहून 'शतंजीव' येई. आता शिंक आळीभर फिरून परत मालकाकडेच येते. मोठे चुरी विरारला गेले. धाकटे चुरी मोठ्यांच्या वरच्या मजल्यावर गेले. बागायत विकून एक जण नालासोपाऱ्याला गेला आणि तिथे कुंडीत केळ लावून रडू लागला. मांजरं तेवढी मागे राहिली, कारण त्यांना कर्ज मिळालं नाही. मग रिकाम्या घरांत माणसं आली ती दोन बाजूंनी. मागच्या बाजूनं आली ती बोईसरच्या कारखान्यांत राबणारी, सिवानची, गंजामची, बलियाची. माजघरात प्लायवुडचे आडोसे करून राहणारी. पुढच्या बाजूनं आली ती मुंबईची. घराला पांढरा रंग लावून फक्त शनिवार-रविवारी राहणारी. वरचे आले, खालचे आले, आणि ज्यांच्याकडे उसनी साखर मागता येते ते तेवढे निघून गेले. उरले दोन. एक धर्माजी, आणि दुसरा दादू. दादूनं लग्न केलं नव्हतं, घर विकलं नव्हतं आणि कुणाच्या सल्ल्याची वाटही पाहिली नव्हती. सल्ले तोच पुरवायचा.

"चूलबंद घालतोस ते बरं हाय," दादू ओट्यावर बसत म्हणाला. "पण घालणार कोणाला? मला नि मांजरांना?"

"आळी म्हणजे आळीत राहतात ते."

"भाडोत्री?"

"चूल आहे ना त्यांच्याकडे?"

"चुली हाईत. लई हाईत."

"मग झालं."

प्रेमलाबाई आतून म्हणाल्या, "अहो, आधी मोजा तरी किती माणसं आहेत."

त्यावर धर्माजी आणि दादू यांचं गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच एकमत झालं. चूलबंदाची माणसं मोजत नाहीत. मोजली तर अन्न पुरत नाही, असं धर्माजींची आजी सांगायची. आजीच्या काळी न मोजताही पुरत असे, कारण आजीला सगळी तोंडपाठ होती, हा बारीक मुद्दा त्या वेळी कुणाच्या ध्यानात आला नाही.

खरा मोजणीचा आग्रह धरला तो पालघरच्या एका कचेरीनं. आळीत मांडव घालायचा, खांबाला खड्डे खणायचे, आणि जवळ किल्ला. म्हणून परवानगी हवी. धर्माजींनी अर्ज नेला. खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहून विचारलं, "कार्यक्रम कसला? राजकीय, धार्मिक, क्रीडा की इतर?"

"आळीजेवण."

"ते यात नाही. इतर करते. इतरला अग्निशमनचा दाखला लागतो. जमाव किती?"

"आळी."

"आकडा सांगा, काका."

"आकडा सांगत नाहीत."

"का?"

"पुरत नाही मग."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की धर्माजींनी शर्टाची वरची गुंडी लावली. त्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवण्यात आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी सांगितलं, की आळी असा भाग नोंदीतच नाही, वॉर्ड सांगा. वॉर्ड ज्यांना ठाऊक ते गृहस्थ प्रशिक्षणाला गेले होते. शेवटी एका शिपायानं मोलाचा सल्ला दिला, "तुम्ही मांडव घाला. परवानगी येईल तेव्हा येईल." धर्माजी, ज्यांनी जन्मात विनातिकीट फलाटावर पाऊल टाकलं नव्हतं, ते त्या दिवशी गुन्हेगार होऊन घरी आले आणि प्रेमलाबाईंना म्हणाले, "दार लावून घे."

अक्षता द्यायला निघाले ते तिघं. पुढे प्रेमलाबाई तबक घेऊन, मागे धर्माजी पांढऱ्या टोपीत, आणि सगळ्यांच्या मागे दादू, चुकलं तर दुरुस्त करायला.

पहिलं घर पांढऱ्या रंगाचं. तिथल्या प्रियदर्शिनी मॅडम मुंबईच्या. पाहुणे ठेवायचा त्यांचा धंदा. तबक बघताच त्यांनी आत जाऊन पाकीट आणलं. "वर्गणी ना? कुठला देव आहे?"

धर्माजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या घरात त्यांच्या चुलत्यानं त्यांना मांडीवर बसवून केळं भरवलं होतं, त्या घराच्या उंबऱ्यावर त्यांना वर्गणी मिळत होती. त्यांनी सगळा प्रकार समजावला. बाईंनी हात छातीशी धरले. "काका, हे किती ऑथेंटिक आहे. या ना, किचन इकडे."

किचन म्हणजे एक काळी काच होती. तिच्यावर ना बर्नर, ना जाळ. प्रेमलाबाई तबक घेऊन ओट्याभोवती एक फेरी मारून आल्या. "चूल कुठाय?"

"हीच. इंडक्शन. पण आम्ही जेवण बाहेरूनच मागवतो."

प्रेमलाबाईंनी देवाचं नाव घेऊन काचेवर अक्षता ठेवल्या. काच एकदा चिर्रकन ओरडली आणि तिच्यावर लाल अक्षर उमटलं. दादू म्हणाला, "लागली. पुढं चला."

पुढची घरं मागच्या दारानं. विरारला गेलेल्या चंद्रकांतावहिनींच्या घरात धर्माजी लहानपणी लपंडाव खेळले होते. आता ते तिथे खरोखर हरवले. माजघराच्या पाच खोल्या झाल्या होत्या, न्हाणीघराची एक, आणि धान्याच्या कोठीत एक जण उभ्यानं दाढी करत होता. प्रत्येक आडोशाला एक छोटा सिलिंडर, त्याच्यावर बर्नर, त्याच्यावर डाळ. पलंगांवर माणसं झोपलेली. रात्रपाळीचा उठे तो दुपारपाळीचा निजे. पलंगाला थंड व्हायची सोय नव्हती. प्रेमलाबाईंच्या अक्षता तिसऱ्या खोलीतच संपत आल्या. त्या एक-एक दाणा ठेवू लागल्या.

मनीष नावाचा सिवानचा तरुण पुढे झाला. एका रंगाच्या कारखान्यात तो होता, आणि त्याचे तळहात कायम निळसर असत. त्यानं चुलीवरच्या अक्षतेकडे पाहिलं आणि एकदम डाळीखालचा जाळ बंद केला.

"काका, हमरे गाँव में भी होता है. चूल्हा-न्योता. मतलब पूरा घर."

"पूरा," धर्माजी म्हणाले. एवढ्या मोठ्या शहाण्या मुंबईच्या बाईला समजावायला अर्धा तास लागला, आणि या पोराला एका सुपारीत कळलं होतं. "सब आना. कोई पीछे मत रहना."

"कोई नहीं रहेगा," मनीष म्हणाला. हे वचन आहे हे धर्माजींना कळलं. धमकीही आहे, हे कळायला आणखी दोन दिवस लागले.

विरारला गेलेल्या मूळ चुरींना त्यांनी 'आपली चुरी आळी' या व्हॉट्सअॅप गटावर आग्रहाचं निमंत्रण टाकलं. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं भराभर आली. चंद्रकांतावहिनींनी तर गुलाबही टाकला. आलं मात्र कुणी नाही.

जेवणाच्या दिवशी रखमाबाई सकाळीच आल्या. नऊवारी, हातात काठी, नजर ससाण्याची. मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या. आळी जेवल्याशिवाय विहीण जेवत नाही, म्हणून चहासुद्धा अर्धाच घेतला. वाणगावच्या आचाऱ्यानं वालाचं बिरडं, वडे, भात, शेवयांची खीर असा बेत केला होता, धर्माजींच्या अंदाजाच्या दीडपट.

दुपारी आळी यायला लागली. प्रथम चार, मग दहा, मग धर्माजींनी बघायचं सोडून दिलं. आंघोळ करून, तेल लावून, इस्त्रीचे शर्ट घालून माणसं येत होती. रात्रपाळीची आली, दुपारपाळीची आली. कुणाचा मेहुणा कालच गावाहून उतरला होता, तोही आला, कारण तो त्याच चुलीवर जेवला होता. प्रियदर्शिनी मॅडम आपले पाहुणे घेऊन आल्या. त्यांत एक गोरा होता, त्यानं खीर वड्याशी खाल्ली आणि पुन्हा मागितली. पंगतीवर पंगत उठत होती. रखमाबाई मान हलवत होत्या. धर्माजींच्या छातीत बँड वाजत होता. त्यांनी मांडवाच्या खांबाला टेकून अख्ख्या पंगतीचा फोटो काढला आणि गटावर टाकला. खाली लिहिलं, 'आळी जेवली. न आलेल्यांची आठवण झाली.' मनुष्याला आयुष्यात टोमणा मारायची संधी क्वचित मिळते. धर्माजींनी ती दवडली नाही.

आचारी आपली पातेली, शेगडी आणि सिलिंडर घेऊन पुढच्या ऑर्डरला गेला. भांड्याच्या बुडाशी थोडा भात उरला होता. "बेतानं झालं," धर्माजी म्हणाले. "विहीणबाई, आता आपण बसू."

तेवढ्यात कंपनीच्या बसनं आळीच्या तोंडाशी ब्रेक लावला. सकाळपाळी सुटली होती.

बस रिकामी व्हायला बराच वेळ लागला. सगळे थेट मांडवात आले, हात धुऊन ओळीनं बसले आणि नम्रपणे समोर बघत राहिले. मनीष त्यांच्यातच होता.

धर्माजींनी त्याला बाजूला घेतलं. "बेटा, खाना खतम. तुम लोग आज घर पे बना लो. हमको बुरा नहीं लगेगा."

मनीषला मात्र वाईट वाटलेलं दिसलं. "कैसे जलाएँ काका? न्योता है. आपका नाम खराब होगा."

"नहीं होगा."

"होगा काका. हम रुकेंगे. कोई जल्दी नहीं."

आणि ते थांबले. उपाशी, पाळीवरून थेट आलेले, तक्रारीचा एक शब्द न काढता. शिव्या दिल्या असत्या तर धर्माजींना परवडलं असतं. त्या शांत ओळीसमोर त्यांना आपण पतपेढी बुडवून पळालेले वाटू लागलं. प्रेमलाबाईंनी घरच्या गॅसवर भात चढवला. पहिली वाफ आली नि सिलिंडर संपला. नवा सिलिंडर सोमवारी मिळणार होता, आणि तोही ओटीपी आला तर.

"माझं इंडक्शन घ्या ना," प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या.

"त्याच्यावर अक्षता पडलीय," प्रेमलाबाई म्हणाल्या.

आता मांडवात शास्त्रार्थ सुरू झाला. दादू मध्ये उभा राहिला. "चूल कशाला म्हणायची? जिथं जाळ, तिथं चूल. या काचेला जाळ नाय. म्हणून ती चूल नाय. म्हणून ती पेटली तरी पेटली नाय."

"मग परवा अक्षता कशाला ठेवायला लावलीस?"

"तवा मला शास्त्र सुचलं नव्हतं."

रखमाबाईंनी काठी आपटून निर्णय दिला, "चालंल. ठेवा."

घरचं मोठं पातेलं उचलून पांढऱ्या घरात नेलं, त्या नाजूक काचेवर ठेवलं, मॅडमनी बटण दाबलं. काच एकदा लाल झाली, आणि अख्ख्या आळीची वीज गेली. तिथून चार हाका मारल्या तर ऐकू जाईल अशा अंतरावर अणुवीज केंद्र आहे. देशाला उजेड देतं. चुरी आळीचे पंखे मात्र फिरायचे थांबले ते थांबले.

शेवटी मार्ग काढला तो मनीषनंच. पोरं उठली, आपापल्या खोल्यांतून छोटे सिलिंडर खांद्यावर टाकून घेऊन आली आणि धर्माजींच्या अंगणात गोल मांडले. "चूल्हा आपका, काका. गैस हमारा. न्योता नहीं टूटा." त्यांच्याच गॅसवर, त्यांच्याच डाळतांदळाची खिचडी झाली. त्यांनीच ढवळली, त्यांनीच वाढली. धर्माजी हातात नुसता डाव घेऊन उभे होते, यजमान दिसावे म्हणून.

रखमाबाईही त्याच पंगतीला बसल्या. बोटं चाटून पुसत म्हणाल्या, "बरी झालीय." मग काठीनं धर्माजींना जवळ बोलावलं. आता काय ऐकावं लागणार म्हणून त्यांनी डोळे मिटले.

"धर्माजी, आमची आळी नाय उरली," म्हातारी हळूच म्हणाली. "कुलपंच कुलपं हाईत. मी चूलबंद घातलं तर अक्षता कुठं ठेवू, कुलपावर? पुढल्या म्हयन्यात देवीचं जेवण हाय. सून नवी. लोकं बघतील. तुझी आळी पाठव रं. टेंपो मी धाडते."

मुलीच्या सासरनं मागणी केली होती. सोनं नाही, फ्रीज नाही, आळी. धर्माजींनी पोरांनी गजबजलेल्या त्या अंगणाकडे पाहिलं, आणि राजानं गावं दान करावीत तसे म्हणाले, "पाठवतो. अख्खी." मनीषही म्हणाला, "सब आएँगे."

लग्न छान झालं. मेघाली केळव्याला गेली. दोन दिवसांनी धर्माजींनी सवडीनं फोन उघडला. 'आपली चुरी आळी' गटावर जन्मात झाली नव्हती एवढी वर्दळ होती. फोटो सगळ्यांनी मोठा करून पाहिला होता. चंद्रकांतावहिनींनी लिहिलं होतं, 'धर्माजीभाऊजी, तो लाल शर्टवाला माझ्या घरातला ना? त्याच्या शेजारचे? त्याच्या मागचे? मला तर पाच-सहा पोरं म्हणून सांगितलंय.' खाली मोठ्या चुरींनी आपल्या घरातली माणसं फोटोत गोल काढून दाखवली होती. आजीनं मोजू नका म्हणून सांगितलेली पंगत विरारला बसून सगळ्यांनी मोजली.

भाडी माणशी झाली. ज्या चुरींना आळीत जेवायला यायला सुट्टी मिळाली नव्हती, ते आता दर रविवारी गाडीनं येऊन खोल्यांत डोकावू लागले. महिना संपायच्या आत खोल्या रिकाम्या झाल्या. पोरं सिलिंडर खांद्यावर टाकून सालवडच्या चाळींत गेली, जिथे कुणाचं भावकीचं प्रेम आड येत नाही. आळीत एका मागून एक कुलपं लागली. पालघरहून मांडवाची परवानगी आली तीही त्याच आठवड्यात.

धर्माजी सालवडला गेले. तीन चाळी फिरले. एकसारखी दारं, एकसारखी मोरी, एकसारखी चड्ड्यांची दोरी. मनीष सापडला तो कामावर निघतानाच.

"ज़बान दी है काका, आएँगे. पर अब पाली अलग-अलग है. कोई कहाँ, कोई कहाँ. छूटते ही पहुँचेंगे."

देवीच्या जेवणाच्या दिवशी टेंपो वेळेवर आळीच्या तोंडाशी उभा राहिला. ड्रायव्हरनं सतरंजी अंथरली होती. बराच वेळ हॉर्न दिला. मग प्रेमलाबाई चढल्या, धर्माजी चढले, दादू चढला. ड्रायव्हर म्हणाला, "बाकीचे?"

"चल तू," दादू म्हणाला.

केळव्याला अंगणात लांबच लांब पंगत मांडली होती. केळीची पानं नुकतीच पुसलेली, प्रत्येकापुढे रांगोळीची रेघ. दारात रखमाबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे डाव नि मिठाचं वाडगं हातात घेऊन मेघाली, नव्या साडीत. सासरची पन्नास माणसं नवरीची आळी बघायला जमली होती. टेंपोचा मागचा फळका पडला. तिघं उतरली. ड्रायव्हरनं फळका पुन्हा लावला.

मेघालीनं बापाकडे पाहिलं. धर्माजींनी टोपी नीट केली, चालत जाऊन पंगतीच्या पहिल्या पानावर बसले. प्रेमलाबाई त्यांच्याशेजारी बसू लागल्या, तर दादूनं मान हलवली. मग त्या जाऊन पार मध्यावर बसल्या. दादू शेवटच्या टोकाच्या पानावर गेला आणि मांडी घालून ऐसपैस पसरला, जमेल तेवढी जागा व्यापून.

रखमाबाईंनी एकदा ती पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"वाढा विहीणबाई, सगळ्या पानांवर वाढा," दादू तिकडून मोठ्यानं म्हणाला, "बाकीच्यांची पाळी सुटायची हाय."

म्हातारीनं नातसुनेच्या हातातून मिठाचं वाडगं घेतलं, कमरेत वाकली, आणि पहिल्या रिकाम्या पानावर चिमूटभर मीठ वाढलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.